पुणे-मुंबई किती वेळात, हा प्रश्नच चुकीचा आहे

पुण्यात चार गाडीवेडे एकत्र बसले की पाच मिनिटांत कुणीतरी सांगतंच, वाकड ते वाशी सव्वा तासात मारली. मग दुसरा त्याहून कमी टाइम सांगतो, तिसरा टॉप स्पीडवर येतो आणि गप्पा तिथेच अडकतात. मला खरंच वाईट वाटतं, कारण मला या लोकांशी ड्रायव्हिंगबद्दल बोलायचं असतं आणि सरळ रुंद काँक्रीटच्या रोडवर अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरण्यात ड्रायव्हिंग जवळपास नसतंच, ते सगळं काम इंजिन करतं. एक्सप्रेसवेवर कारला १०० ची लिमिट आहे, ती मोडायला पैसे लागतात, स्किल नाही लागत.

मी चांगलं ड्रायव्हिंग पहिल्यांदा बघितलं ते एसटीत. महाडला आत्याकडे जाताना आम्ही भोरवरून वरंध घाटातून जायचो आणि मी हट्टाने ड्रायव्हरच्या मागची सीट पकडायचो. पॉवर स्टीअरिंग नसलेली ती बस, माणसं उभी, टपावर सामान, आणि ड्रायव्हरकाका वळण यायच्या बरंच आधी ब्रेक मारून, डबल क्लच करून, म्हणजे क्लच दोनदा दाबून, गिअर खाली टाकून, हॉर्न देऊन मोकळे झालेले असायचे. वळणात फक्त स्टीअरिंग आणि पायाखाली थोडा थोडा अ‍ॅक्सिलरेटर, बस. उभ्या माणसाला दांडा घट्ट धरायची वेळ यायची नाही. पुढे रेसिंगबद्दल वाचायला लागलो तेव्हा कळलं की वळणाच्या आधी स्लो, बाहेर पडताना फास्ट हीच तिथली बाराखडी आहे, आणि एसटीवाल्या काकांना ती कुठल्याही ट्रॅकवर न जाता येत होती.

यामागचं सायन्स अवघड नाहीये. गाडी रस्त्याला धरून असते ती फक्त चार टायरच्या तळहाताएवढ्या चार तुकड्यांवर. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, पुढचे टायर जास्त दाबले जातात आणि त्यांची ग्रिप वाढते, मागचे हलके होतात. अ‍ॅक्सिलरेटर दिला की उलटं, वळलं की बाहेरच्या बाजूला. आणि टायरकडे ग्रिप असते ती एकूण मोजकीच, ती ब्रेकिंगला वापरली तर वळायला उरत नाही. म्हणून भर वळणात घाबरून कचकन ब्रेक दाबला की गाडी वळायचं सोडून सरळच जाते, आपल्याकडच्या बहुतेक फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत तर वेग जास्त झाला की हेच होतं, आणि त्या वेळी माणूस अजून स्टीअरिंग फिरवतो, ज्याचा काहीच उपयोग नसतो. स्टीअरिंग थोडं सोडायचं, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळू उचलायचा, की पुढच्या टायरना परत पकड मिळते. हे वाचायला सोपं आहे, पण त्या क्षणी हातापायाने आपोआप करायला सवय लागते, आणि ती सवय म्हणजे माझ्या मते खरं स्किल.

म्हणूनच मला रेसिंगमधले सगळ्यात आवडते किस्से हे कमी पॉवरचे किंवा बिघडलेल्या गाड्यांचे आहेत. १९९४ ची बार्सिलोनाची फॉर्म्युला वन रेस घ्या, मायकेल शूमाकरची गाडी पाचव्या गिअरमध्ये अडकली, अर्ध्याहून जास्त रेस त्याने त्या एकाच गिअरवर काढली, पिट स्टॉपसुद्धा त्याच गिअरमधून करून बाहेर पडला आणि तरी दुसरा आला. वळणात वेग टिकवायचा तर लाइन, म्हणजे वळणातून जायची वाट, बदलायला लागते, ब्रेक कमी आणि लवकर, वळण मोठं करून घ्यायचं, आणि हे तो रेस चालू असताना शोधत होता! किंवा १९९३ ची इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनची रेस, पावसाने ओल्या ट्रॅकवर आयर्टन सेना पहिल्या वळणाला पाचवा होता आणि पहिला लॅप संपायच्या आत पहिला, आणि त्याच्या मॅक्लारेनचं फोर्ड इंजिन विल्यम्स टीमच्या रेनो इंजिनपेक्षा कमी ताकदीचं. ओल्या ट्रॅकवर पॉवर वापरताच येत नाही ना, तिथे ग्रिप कुठे आहे हे पार्श्वभागाला आधी कळतं आणि डोळ्यांना नंतर. रॅलीत जर्मन ड्रायव्हर वॉल्टर रोर्ल. मोंटे कार्लो रॅली तो चार वेळा जिंकला आणि चारही वेळा वेगळ्या कंपनीच्या गाडीत, १९८० ला फियाट, १९८२ ला ओपेल, १९८३ ला लान्चिया, १९८४ ला ऑडी. त्यातल्या ओपेल आणि लान्चियात इंजिनची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळायची आणि समोर चारही चाकांना ताकद देणारी फोर व्हील ड्राइव्ह ऑडी क्वाट्रो होती. म्हणजे गाडी कुठलीही द्या, हा माणूस तिला काय हवंय ते ओळखायचा. मला असं चालवता यायला हवंय, आयुष्यभर शिकत राहिलो तरी चालेल.

आता पुण्याचं बघा. पिंपरीला टाटा, आकुर्डीला बजाज, चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि महिंद्रा, कोथरूडला टेकडीपाशी गाड्या टेस्ट करणारी एआरएआय संस्था. गाड्या डिझाइन करणारे, टेस्ट करणारे, बनवणारे एवढे लोक एका शहरात आणि इथे मोठा कायमचा रेस ट्रॅक नाही. चेन्नईला आहे, कोइम्बतूरला आहे, नोएडाजवळ बुद्ध सर्किट आहे जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा व्हेटेल जिंकला. आपल्याकडच्या पोरांनी जायचं कुठे? मग ती जातात ताम्हिणीला, लवासाला, रविवारी सकाळी, आणि तिथे जे चालतं ते बघून माझं डोकं फिरतं. आंधळ्या वळणावर समोरच्या लेनमध्ये घुसणं हे रेसिंग नाहीये. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, बाजूला रनऑफ, म्हणजे गाडी ट्रॅकबाहेर गेली तर थांबायला मोकळी जागा, असतो, मार्शल झेंडा दाखवतो, अँब्युलन्स उभी असते. ताम्हिणीच्या वळणापलीकडे दुधाची गाडी असू शकते, म्हशी असू शकतात, पावसाळ्यात धुक्यात सेल्फी काढणारी अख्खी फॅमिली असते. ज्याला खरंच रेसिंग कळतं तो तिथे हळूच जाणार.

ज्यांना खुमखुमी आहे त्यांनी कार्टिंगला, म्हणजे ट्रॅकवर छोट्या उघड्या रेसिंग गाड्या चालवायला जावं, मनापासून सांगतो. सेना, शूमाकर, हॅमिल्टन, व्हर्स्टॅपन, सगळे तिथूनच आले. कार्टला सस्पेन्शन नसतं आणि मागच्या एक्सलला दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नसतं, दोन्ही मागची चाकं एकत्रच फिरतात, त्यामुळे वळायचं असेल तर आतलं मागचं चाक किंचित उचललं जावं लागतं आणि ते उचलतं ते स्टीअरिंग आणि वजनाच्या खेळाने. जोरजोरात स्टीअरिंग फिरवलं की कार्ट घासत स्लो होतो, नाजूक चालवलं की सुसाट. दोन-चार लॅपमध्ये शरीराला कळतं जे शंभर व्हिडिओ बघून कळत नाही.

माझी स्वतःची गाडी चाकणला बनलेली जुनी फोक्सवॅगन पोलो आहे, ७५ हॉर्सपॉवरची, मॅन्युअल. मित्र म्हणतो, "अरे एवढा रेस बघणारा माणूस तू आणि सिंहगडावरून उतरताना असा आरामात?" आरामात नाहीये रे, मी तेव्हा फुल बिझी असतो. उतारावर तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना क्लच सोडायच्या आधी अ‍ॅक्सिलरेटरला हलकासा टच द्यायचा, म्हणजे इंजिनचे आरपीएम चाकांशी जुळतात आणि झटका बसत नाही. मागे आई बसलेली असली आणि तिची डुलकी मोडली नाही तर गिअर बरोबर पडला असं मी धरतो. यात जी मजा आहे ती चाळीसच्या स्पीडला मिळते आणि रोज मिळते, कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा, तीन गाड्या पुढचे ब्रेक लाइट बघून आधीच पाय उचलायचा आणि शक्यतो न थांबता वाहत राहायचं.

उताराचा विषय निघालाच आहे तर न्यूट्रलचं बोलतोच. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर किती अपघात झालेत हे पुण्यात वेगळं सांगायला नको, आणि डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये सोडणं हे त्यातलं एक नेहमीचं कारण. न्यूट्रलला इंजिन ब्रेकिंग, म्हणजे गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे धरतं ते, जातं, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. आणि वाचत तर काहीच नाही! आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंधन बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळत राहतं. कारवाले पण करतात हे, सुशिक्षित लोक करतात, ओळखीत कुणी करत असेल तर प्लीज थांबवा.

ब्रेकचंही तसंच. स्पीड दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबायचं अंतर चौपट होतं, ६० वरून १८ मीटर लागत असतील तर १२० वरून ७० च्या पुढे, आणि ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागला तर तेवढ्यात गाडी अजून ३३ मीटर गेलेली असते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हाफ क्लच, रिव्हर्स, आठचा आकडा शिकवतात पण पूर्ण ताकदीने ब्रेक दाबायला आमच्यापैकी कुणालाच शिकवलं नव्हतं. मी आता ओळखीच्या प्रत्येक नव्या ड्रायव्हरला मोकळ्या ग्राउंडवर नेतो, मालकाला विचारून, मागे-पुढे कुणी नाही बघून, जूनच्या आधी जमलं तर उत्तम कारण पहिल्या पावसात धूळ आणि ऑइल मिळून रोड साबणासारखा होतो. टायरची हवा चेक करायची, चाळीसचा स्पीड, खांदे सैल, नजर लांब, आणि मी हात खाली केला की ब्रेक पूर्ण दाबायचा. चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसची थरथर पहिल्यांदा पायाला लागली की जवळपास सगळे दचकून पाय उचलतात. तो उचलायचा नाही, दाबून ठेवायचा आणि त्याच वेळी हळूच स्टीअरिंग वळवून बघायचं. गाडी वळते.