नराऱ्याच्या डबक्यातला केंड

नराऱ्याचं प्रवाळ बोटीशिवाय, चालत बघता येतं ते कच्छच्या आखातातल्या मोठ्या ओहोटीमुळे. म्हणून बडोद्याहून गट नेताना मी तारीख तिथी पाहून ठरवते: अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासची. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते तेव्हा, पाणी पुरेसं मागे हटत नाही. ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे जाते, तेव्हा दांडिया बाजारातून बस कधी सोडायची हेही त्यावरच ठरतं. पायात लेस बांधायचे कॅनव्हासचे बूट हवेत. चप्पल चिखलात अडकून राहते.

त्या दिवशी पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी आम्ही उतरलो. उतरत्या पाण्यामागोमाग चाललो होतो, पाय फक्त वाळूवर नाहीतर मेलेल्या प्रवाळाच्या खडकावर. एका डबक्यात केंड, म्हणजे अंग फुगवणारा मासा, दिसला, टम्म फुगलेला, पोट वर करून तरंगत. पुढच्या एका गटाने त्याला फोटोसाठी हातात घेतलं होतं.

केंड पाण्यात घाबरला तर पाणी गिळून फुगतो आणि ते सहज ओकून टाकतो. पाण्याबाहेर उचलला की हवा गिळतो, आणि ती पुष्कळदा त्याला सोडता येत नाही. मग बुडी मारता येत नाही. वरून ऊन, वरून पक्षी.

"ताई, पोट दाबून हवा काढू का?" गटातल्या एकाने विचारलं. दाबायचं मुळीच नाही, आतले अवयव दुखावतात. आमचा वाटाड्या म्हणाला, "बेन, पहेलां हाथ भीना करो," म्हणजे आधी हात ओले करा. कोरड्या हाताने त्वचेवरचा बुळबुळीत थर निघतो. त्याने मासा पाण्याखालीच उभा धरला, डोकं वर, शेपूट खाली, बोटं तोंडापासून लांब, कारण चोचीसारखे दात बोट कापू शकतात. हलकेच कलता करत राहिला. बऱ्याच वेळाने तोंडातून बुडबुडे आले, पोट बसलं, आणि केंड पोराइट्स जातीच्या एका गोल प्रवाळाच्या कडेला शिरला. केंडाच्या अंगात विष असतं, म्हणून नंतर हात नीट धुवायला लावले.

एव्हाना ओहोटी संपत आली होती. बाहेरची कड, जिथे ऑक्टोपस दिसण्याची आशा असते, ती सोडून मी सगळ्यांना परत फिरवलं. काहीजण हिरमुसले. पण भरती आधी आपल्या पाठीमागच्या चरांत शिरते, आणि चढायच्या सहा तासांपैकी तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मं पाणी चढतं. पहिला तास संपण्याआधी चर ओलांडलेला असलाच पाहिजे.