आराखडा कशात मांडू?

‘गोष्टीचा गेम करायचाय, आराखडा कोणत्या टूलमध्ये मांडू?’ असं मला वरचेवर विचारलं जातं. टूलचं नाव सांगण्याआधी मी एकच विचारते: तुमच्या प्रेक्षकाच्या हातात काय आहे?

त्याने नुसतं बघायचं असेल, तर स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची ओळीने मांडलेली चित्रं, पुरे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेच्या स्टुडिओत ही पद्धत रुळली. चित्रं फळ्यावर टाचणीने लावलेली असत, त्यामुळे प्रसंग मागे-पुढे करायचा तर टाचणी काढली की झालं. हा सुटेपणा मला आजही फार मोलाचा वाटतो.

पण निर्णय खेळणाऱ्याचा असला की सरळ रांग कोलमडते. लागोपाठ दहा वेळा दोनच पर्याय द्या आणि एकही वाट पुन्हा जोडू नका, शेवट होतात १,०२४! इतकं कोणी लिहीत नाही आणि लिहूही नये. म्हणून फुटलेल्या वाटा पुढे एकत्र आणायच्या आणि खेळणाऱ्याने काय निवडलं होतं ते व्हेरिएबलमध्ये, म्हणजे गेमने लक्षात ठेवलेल्या नोंदीत, जपायचं. कोणती वाट कुठे मिळवायची, हे डोक्यात राहत नाही, डोळ्यांसमोरच लागतं. त्यासाठी मी ट्वाइन हे सॉफ्टवेअर सुचवते. ते २००९पासून आहे, फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं. प्रत्येक प्रसंगाचा चौकोन आणि दुव्यांचे बाण ते आपोआप काढतं.

एक मात्र सांभाळा. ‘किल्ली असेल तरच दार उघडेल’ अशी अट चौकोनाच्या आत लिहिलेली असते, बाहेर नुसता बाण दिसतो. नकाशावर वाट मोकळी दिसते आणि खेळताना दार बंद! किल्ली कुठे मिळते, कुठे लागते, याची वेगळी यादी हवीच. माझ्या मते नकाशाइतकीच ती महत्त्वाची आहे.

व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून पाहायच्या आभासी जगात, तर चौकटच उरत नाही. माणूस मान कुठेही वळवतो आणि एका वेळी वर्तुळाचा जेमतेम तिसरा हिस्सा पाहतो. तिथे वरून पाहिल्यासारखा आराखडा काढा: मधोमध प्रेक्षक, भोवती वर्तुळ. त्याची नजर आत्ता कुठे असेल आणि मागे काही घडणार असेल, तर त्याला वळवणारा आवाज कुठून येईल, हे त्यावर खुणा करून ठेवा. यासाठी कागद-पेन्सिल पुरते.

सुरुवात तर कुठल्याही प्रकारात कागदाच्या चिठ्ठ्यांवरच करा. प्रसंगांची जागा रोज बदलतेय तोवर सॉफ्टवेअर उघडू नका.