छोटा डबा, मोठी कसरत
आजचा अख्खा दिवस दहा लिटरच्या एका केसमध्ये, म्हणजे छोट्या डब्यात कॉम्प्युटर जुळवण्यात गेला. मिनी-आयटीएक्स बोर्ड (छोट्या आकाराचा मदरबोर्ड) १७० बाय १७० मिमीचा, तो निमूट बसतो. अडतं ते केबलींपाशी. एसएफएक्स या छोट्या पॉवर सप्लायची खोली १०० मिमी, त्याच्या लांब प्रकाराची, एसएफएक्स-एलची, १३०. हे ३० मिमी किरकोळ वाटतात, पण मॉड्युलर (पॉवर सप्लायपासून सुट्या होणाऱ्या) केबली वळतात त्या नेमक्या तिथेच. बोर्डाला वीज देणारी २४ पिनची केबल ताठ असते. रेटून वाकवली की कनेक्टर तिरका बसतो, क्लिक होत नाही, मग पॉवरचं बटण कितीही दाबा!

क्रम महत्त्वाचा. बोर्डाच्या पाठीमागे एम.२ स्लॉट (चपट्या एसएसडीची खाच) असेल तर एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी ड्राइव्ह, आधी. मग प्रोसेसर, रॅम, कूलर, सीपीयूची (प्रोसेसरची) ८ पिनची केबल, आणि नंतरच बोर्ड आत. एसएसडी विसरलात तर सगळं परत बाहेर.

कूलरची उंची फॅनसकट मोजा. फॅन जाळीला चिकटला तर घोंगावतो. फार आत राहिला तर स्वतःचीच गरम हवा परत ओढतो. मधल्या फटीत फोमची चौकट लावली की काम होतं.

ग्राफिक्स कार्ड रायझरवर (बोर्डाच्या स्लॉटपासून कार्डापर्यंत जाणाऱ्या केबलवर) असेल आणि स्क्रीन काळी राहिली तर कार्डाला दोष देऊ नका. स्लॉटच्या वेगाच्या पिढ्या असतात, आणि जेन ३ चा रायझर जेन ४ चा वेग पेलत नाही. कार्ड काढा, मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला जोडा (प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स हवं हां), बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) स्लॉट ‘ऑटो’वरून जेन ३ करा आणि कार्ड पुन्हा बसवा.