छताचा पंखा थांबल्यावर ऐकू येणारी घुमघुम

मी ऑडिओबुकसाठी कथा वाचते. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली हाच माझा स्टुडिओ. भिंतींवर आईच्या हातच्या दोन गोधड्या टांगल्या आहेत, खिडकीला जाड पडदा आहे, आणि माइक सुरू करण्याआधी मी छताचा पंखा बंद करते. तो फिरत असतो तोवर कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा आवाज कुणाच्या लक्षातही येत नाही. तो थांबला की एकेक गोष्ट ऐकू यायला लागते.

गेल्या एप्रिलमध्ये एका कथेचं रेकॉर्डिंग परत आलं. दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत घुमघुम येते आणि ती एकसारखी नाही, चढते-उतरते, असं कळवलं होतं. हेडफोन लावून ऐकलं तर अगदी खरं होतं. ऑडिओबुकच्या कामात बोलणं थांबल्यावर उरणारा आवाज साधारण उणे ६० डेसिबलच्या खाली लागतो. कॉम्प्युटर बंद असताना माझी खोली उणे ६८ दाखवत होती, चालू असताना उणे ६२, आणि मधेच कॉम्प्युटरच्या पंख्याने वेग घेतला की थेट उणे ५५.

माझ्याकडे रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर आहे आणि त्याला थंड ठेवायला वर नॉक्टुआचा एनएच-यू१२एस कूलर, म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यांचा टॉवर आणि त्यावर पंखा. म्हणजे शांत म्हणूनच निवडून घेतलेला. तरीही आवाज येतो, तर आणखी मोठा घ्यावा, असं वाटलं. त्याच कंपनीचा एनएच-डी१५ डोळ्यांसमोर होता: दोन टॉवर, १४० मिलिमीटरचे दोन पंखे. किंमत दहा हजारांच्या आसपास, म्हणजे माझं जवळजवळ दीड कथेचं मानधन. ऑर्डर देण्याआधी सहज उंची पाहिली. डी१५ ची उंची १६५ मिलिमीटर, आणि माझ्या कॅबिनेटमध्ये १६० पर्यंतचाच कूलर बसतो. पाच मिलिमीटरसाठी कॅबिनेटही नवं घ्यावं लागणार होतं. तिथे मी थांबले.

मग तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेले. ज्या दुकानातून सगळे पार्ट घेतले होते, तिथल्या काकांनी कूलर दाखवण्याआधी विचारलं, "ताई, पेस्ट कधी बदलली होती?" प्रोसेसर आणि कूलरच्या मधे उष्णता नीट पोचावी म्हणून लावतात ती पेस्ट. चार वर्षांत एकदाही नाही. "मग आधी ते करा. आणि कुठला पंखा ओरडतोय हे नक्की माहितीये का?" मला ते माहीत नव्हतं, मी धरून चालले होते. त्या एका प्रश्नासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे.

घरी येऊन एकेक पंखा थांबवत वीस-वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग केलं. कूलरचा पंखा थांबवला तेव्हा प्रोसेसरला कसलंही काम दिलं नव्हतं आणि वीस सेकंद होताच तो परत चालू केला. निकाल पाहून मला आश्चर्य वाटलं. सतत चालणारी जाडसर घुमघुम मागच्या, कॅबिनेटसोबत आलेल्या पंख्याची होती. कूलरचा दोष वेगळा होता. तो मोठ्याने वाजत नव्हता, पण सारखा वेग बदलत होता. एखादी फाइल उघडली की या प्रोसेसरचं तापमान सेकंदाभरात वीस अंशांनी उडी मारतं आणि लगेच खाली येतं, पंखा मात्र त्या प्रत्येक उडीमागे धावतो. आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर एकसुरी गुणगुण ओळखून काढून टाकतं. सूर बदलत राहिला की ते फसतं आणि माझ्या आवाजाच्या कडा खाऊन टाकतं. म्हणून मला पंख्याची कमी गती जितकी हवी होती, तितकीच ती स्थिरही हवी होती.

पेस्ट बदलण्याच्या दिवसाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती. माझा प्रोसेसर मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत बसतो, त्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात. पेस्ट वाळून घट्ट झाली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरसोबतच वर येतो. पिना वाकल्या तर संपलंच. म्हणून आधी दहा मिनिटं व्हिडिओ एक्स्पोर्टला लावून प्रोसेसर गरम केला, मग मशीन बंद करून वायर काढली. कूलरचा पंखा उतरवला, दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे सैल केले आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत राहिले. मिनिटभराने तो सुटला. प्रोसेसर जागच्या जागी होता. मी खाली बसले आणि पाणी प्यायले.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवी वाटाण्याएवढी मधोमध ठेवली. कूलरच्या पत्र्यांमध्ये चार वर्षांची धूळ नमद्यासारखी बसली होती. समोरच बांधकाम चालू असल्यावर दुसरं काय होणार? ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर ती नको तितक्या वेगाने फिरतात आणि बेअरिंग खराब होऊ शकतं. मागचा पंखा काढून चांगला १२० मिलिमीटरचा लावला, आणि टेबलावरचं कॅबिनेट खाली जुन्या योगा मॅटच्या तुकड्यावर ठेवलं. टेबलातून माइकच्या स्टँडपर्यंत जाणारी थरथर त्याने थांबली.

पेस्ट आणि धुळीचा मिळून फरक सहा अंशांचा पडला. तरी पूर्ण लोडवर आकडा ८४ च्या आसपास जातच होता, आणि मोठ्या कूलरचा विचार अजून डोक्यातून गेला नव्हता. मग या प्रोसेसरची रचना नीट वाचली. ५८००एक्सचे आठही कोर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, साधारण ८० चौरस मिलिमीटरच्या एकाच चिपवर आहेत. म्हणजे नखाएवढ्या जागेतून शंभराहून जास्त वॉट बाहेर पडायचे असतात. उष्णता त्या चिपमधून वरच्या धातूच्या झाकणापर्यंत पोचतानाच अडते. पुढे पत्रे दुप्पट केले तरी त्या अडचणीवर त्यांचा फारसा उपयोग नाही. शिवाय हवेवर चालणारा कुठलाही कूलर खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही, आणि मे महिन्यात छताचा पंखा बंद केलेली माझी खोली ३४ अंशांवर असते.

उष्णता बाहेर काढायला जागा नसेल तर ती तयारच कमी व्हावी, हे मला पटलं. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, कमी विजेवर चालवणारा ६५ वॉटचा इको मोड सुरू केला. त्यात हा प्रोसेसर १४२ ऐवजी ८८ वॉटपर्यंतच वीज घेतो. लेकीच्या कथक क्लासचा जो व्हिडिओ अकरा मिनिटांत एक्स्पोर्ट व्हायचा, त्याला आता बारा मिनिटांहून थोडं जास्त लागतं. तापमान ७० च्या खाली राहतं. कूलरचा पंखा ७० अंशांपर्यंत मिनिटाला ८०० फेऱ्यांवर बांधून ठेवला आणि त्यापुढेही वेग हळूहळूच वाढेल असं सेटिंग केलं. रेकॉर्डिंग करताना त्याचा वेग आता बदलतच नाही.

ती परत आलेली कथा मी पुन्हा पहिल्यापासून वाचली. खोली उणे ६६ ला होती. या वेळी फाइल स्वीकारली गेली.

म्हणून कूलर तोच ठेवला. माझ्या कामाला तो पुरतो, आणि खर्च झाला तो एका पंख्याचा आणि पेस्टच्या ट्यूबचा. लेक थ्रीडी ॲनिमेशन शिकायचं म्हणतेय. मशीन रात्रभर रेंडरला लागायला लागलं आणि प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालवावा लागला, तर हा निर्णय मी पुन्हा तपासेन. तेव्हा बहुधा थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई बघेन. दोन टॉवर, उंची १५५ मिलिमीटर, आणि किंमत डी१५ च्या निम्म्याहून कमी. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मार्करने '१६० मिमी' लिहून ठेवलं आहे.