फिस्टुलाचा हात आणि अधिष्ठान

परळच्या आमच्या डायलिसिस सेंटरात वैशाख पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी वरळीच्या मावशी आल्या, तेव्हा काट्यावर ५५.४ किलो भरल्या. ड्राय वेट, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन, ५२. विहारातली खीर आणि वर मे महिन्याचा उकाडा, दोन्ही त्या ३.४ किलोंत होतं.

तासाला, वजनाच्या किलोमागे १३ मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी ओढायचं नाही, हे आम्ही पाळतो. ५२ किलोला ते तासाला ६७६ मिलिलिटर होतं. चार तासांत २.७ लिटरच निघालं असतं, म्हणून डॉक्टरांनी सेशन पाच तासांचं केलं.

डायलिसिसच्या सुयांसाठी हातातली धमनी आणि शीर ऑपरेशनने जोडतात, तो फिस्टुला. पाच तास फिस्टुलाचा हात हलवायचा नाही. कोपर वाकलं की सुईचं टोक शीर भेदून बाहेर जातं, रक्त मांसात साठतं आणि बघता बघता हातावर लिंबाएवढी सूज येते. किडन्या जायच्या आधी मावशींनी गोराईला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं होतं. तिथे हात-पाय न हलवता, डोळे न उघडता तासभर बसतात, त्याला अधिष्ठान म्हणतात. बौद्ध धम्मात अंगी बाणवायच्या गुणांना पारमिता म्हणतात, त्या दहांपैकी ही एक, आणि बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमधली बारावी याच दहा पारमितांची. सुया टोचताना मावशी डोळे मिटून नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास बघतात. तो मुद्दाम लांबवत नाहीत, रोखतही नाहीत.

चार तास उलटून गेल्यावर त्यांनी हाक मारली, "दादा, उजव्या पोटरीत काहीतरी वळवळतंय. गोळा नाही आला अजून, पण येणार."

प्रेशर १४० वरून ९८ वर आलं होतं. मशीन रक्तातलं पाणी ओढतं, पण अंगात मुरलेलं पाणी तेवढ्या वेगाने रक्तात परतत नाही. स्नायूंना रक्त कमी पडतं आणि गोळे येतात. मी यूएफ, म्हणजे मशीनचं पाणी ओढणं, थांबवलं, १०० मिलिलिटर सलाइन सोडलं, पाऊल धरून चवडा गुडघ्याच्या दिशेने दाबला. तरी गोळा आलाच. मावशींचा जबडा आवळला, पण सुयांचा हात गादीवर होता तसाच राहिला. "कमी होतोय... हा, सुटला," त्या म्हणाल्या.

निमूटपणे सोसणाऱ्या पेशंटची मला जास्त धास्ती वाटते. जांभया येतात, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, तरी ते बोलत नाहीत आणि एकदम शुद्ध हरपते. बुद्धांच्या सल्ल सुत्तात दोन बाण सांगितलेत. पहिला देहाच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेवर मनाने केलेल्या आकांताचा. पहिला बाण लपवावा, असं त्यात कुठेच नाही. मावशींची श्रद्धा मला इथे दिसते. अंगात काय चाललंय ते त्या न घाबरता बघतात, म्हणून त्यांना ते लवकर कळतं आणि नेमकं सांगता येतं.

वीसेक मिनिटांनी प्रेशर सावरल्यावर यूएफ पुन्हा हळूहळू सुरू केलं. शेवटी वजन ५२.६ भरलं, उरलेलं पुढच्या वेळी. सुया काढल्यावर दहा मिनिटं जागा दाबून धरली. तेवढ्यात मावशींनी खिरीचं विचारलं. वाटीभर खीरसुद्धा दिवसाच्या पाण्याच्या मापात धरायची, असं मी सांगितलं. त्यांनी ते मुलीला वहीत लिहून घ्यायला लावलं.