वृद्धाश्रम बघायला मे महिन्यात दुपारी जा

वृद्धाश्रम बघायला लोक बहुधा हिवाळ्यात, रविवारी सकाळी अकराला जातात. हवा छान असते, अंगण झाडलेलं असतं, आजी-आजोबा आंघोळ करून उन्हात खुर्च्यांवर बसलेले असतात. अशा वेळी जळगाव-धुळ्याकडचा कुठलाही आश्रम चांगलाच वाटतो. आपल्या माणसाला तिथे ठेवायचं असेल तर मेच्या मध्यावर दुपारी तीनला जा. जळगाव-भुसावळकडे तेव्हा पारा 44-45 च्या घरात असतो. खान्देशात आश्रमाचा दर्जा आधी उन्हाळ्यात कळतो, आणि बाकीच्या बऱ्याच चुकाही त्या उन्हाळ्यातच उघड्या पडतात.

म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, घाम कमी येतो, आणि बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अंगातलं पाणी आणखी कमी होतं. खोली मात्र तापतच असते. जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या छतामुळे दुपार सुसह्य व्हायची. आता वर उघडा स्लॅब असतो, तो दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. म्हणून पहिला प्रश्न: सगळ्यात वरच्या मजल्यावर कोण झोपतं? अंथरुणाला खिळलेली माणसं तिथे असतील तर खोल्यांची वाटणीच चुकलेली आहे. त्यांची जागा तळमजल्यावर. वर गच्चीला उन्हाळ्याआधी चुना किंवा पांढरा थर मारलेला असावा आणि प्रत्येक हॉलमध्ये तापमान दाखवणारं साधं यंत्र भिंतीवर असावं. जागतिक आरोग्य संघटना खोली दिवसा 32 अंशांच्या आणि रात्री 24 अंशांच्या खाली ठेवायला सांगते. आपल्याकडे मेमध्ये रात्रीचे 24 एसीशिवाय जमणार नाहीत, पण कोरड्या हवेत चांगला कूलर दिवसाचे 32 गाठू शकतो. नुसता पंखा पुरत नाही. हवाच 40 च्या वर गेली की पंखा तीच गरम हवा अंगावर मारतो. तेव्हा ओल्या पंच्यानं हात, मान, पाय पुसत राहायचं आणि मग पंखा लावायचा.

कूलरबद्दल जरा सविस्तर, कारण धोकाही त्याच्यातच आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पत्र्याचा कूलर असतो. खाली पाणी, आत मोटर आणि पंप, बाहेर लोखंडी पत्रा. वायरचं इन्सुलेशन झिजलं की पत्र्यात करंट उतरतो, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाचा हात लागला की संपलं. एमसीबी यापासून वाचवत नाही, तो शॉर्टसर्किट आणि जास्त लोडसाठी असतो. माणसाला वाचवतो तो करंट गळताच वीज तोडणारा 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, ज्याला आपले वायरमन अजून ईएलसीबीच म्हणतात. मेन बोर्ड उघडायला सांगा. त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण दिसलं पाहिजे. महिन्यातून एकदा ते दाबल्यावर वीज खटकन बंद झाली तर यंत्र जिवंत आहे. प्लग तीन पिनांचा हवा आणि अर्थिंगची वायर खरोखर जमिनीपर्यंत गेलेली हवी. पाणी भरताना आधी प्लग काढायचा, हा नियम कूलरवरच मोठ्या अक्षरांत चिकटवलेला असावा. कूलरचं गवत दरवर्षी बदलायचं, टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कूलर फक्त दमटपणा वाढवतो.

आता पाणी. प्रत्येक खाटेशी भरलेला तांब्या असला म्हणजे माणूस पाणी पितो असं नाही. 200 मिलीचे आठ पेले म्हणजे 1600 मिली, आणि ते कुणीतरी ठरावीक वेळी हातात द्यावे लागतात. हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांनी ठरवून दिलेलं माप वेगळं, ते खाटेवर लिहिलेलं असावं. लघवी गडद पिवळी, जीभ कोरडी, सकाळी नीट बोलणारे नाना दुपारी असंबद्ध बोलायला लागले, तर तो म्हातारपणाचा भ्रम म्हणून सोडून देऊ नये. अंग तापलेलं आणि शुद्ध बिघडलेली असेल तर ओल्या चादरी, पंखा, काखेत आणि जांघेत गार पाणी, आणि 108 ला फोन. हे सगळं एकाच वेळी.

एक गोष्ट बाहेरच्याला चटकन लक्षात येत नाही. म्हातारी माणसं पाणी मुद्दाम कमी पितात. संडासला न्यायला कुणाला तरी हाक मारावी लागते, मावशी चिडतात, रात्री पडायची भीती वाटते. म्हणून संध्याकाळनंतर पाण्याला हातच लावायचा नाही असं ही माणसं मनाशी ठरवतात. म्हणून कुणी पाणी कमी पितंय असं दिसलं की आधी संडास बघायचा.

कमोडची बैठक जमिनीपासून 17 ते 19 इंच हवी. त्यापेक्षा खाली असेल तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठता येत नाही. बाजूला आधाराचा दांडा 33 ते 36 इंचांवर. तो टॉवेलचा दांडा नसावा. टॉवेलचा दांडा टाइलमध्ये प्लास्टिकच्या गुटकीत बसवलेला असतो, सगळा भार पडला की उपटून हातात येतो आणि माणूस त्याच्यासकट खाली. आधाराचा दांडा भिंतीच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये अँकर बोल्टनं घट्ट बसवतात. तुम्ही स्वतः धरून लोंबकळून बघा, मॅनेजरला वाईट वाटलं तर वाटू द्या. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं. आत पडलेला माणूस दारालाच टेकून पडतो, आणि आत उघडणारं दार मग कुणालाच ढकलता येत नाही. कडी बाहेरून नाण्यानं फिरवता येईल अशी हवी. बाथरूमचा दोन-तीन इंचांचा उंबरठा आपल्याकडे सर्रास असतो. तो फोडून उतार द्यावा, वॉकर तिथेच अडखळतो. रॅम्प असेल तर 1 ला 12, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. बऱ्याच ठिकाणी एक पायरी झाकायला दोन फुटांची फळी टाकलेली दिसते. ती व्हीलचेअर ढकलणाऱ्यालाही आणि बसलेल्यालाही पाडते.

झिजलेली हवाई चप्पल आणि ओलं, जड झालेलं लुगडं ही पडण्याची दोन मोठी कारणं आहेत. मागे पट्टा असलेली चप्पल द्यावी. रात्री उठताना आधी खाटेच्या कडेला मिनिटभर बसवावं, मग उभं करावं, कारण एकदम उठलं की बीपी उतरतो. आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि कोपरानं बघून मग अंगावर. 60 अंशांच्या पाण्यानं पाच सेकंदांत त्वचा भाजते, आणि म्हातारी त्वचा त्याहून लवकर.

पडलेल्या माणसाला लगेच काखेत धरून उचलू नये. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडलंय असं धरून तिथेच झोपवून ठेवावं आणि रुग्णवाहिका बोलवावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला तर तो हसत बोलत असला तरी दवाखान्यात न्यावा.

औषधांचं कपाट कुलूपबंद आणि प्रत्येकाचा स्वतंत्र डबा हे सगळेच दाखवतात. विचारायचं ते इन्शुलिनचं. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, गोठलेलं इन्शुलिन फेकूनच द्यायचं. वापरातली बाटली बहुतेक प्रकारांत 28 दिवस चालते, पण ती 25-30 अंशांखाली ठेवली तर. मेमध्ये खोलीतलं कपाट 38-40 वर जातं, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात वापरातली बाटलीही फ्रिजमध्येच हवी. लाइट दिवसभर गेली तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, प्लास्टिकच्या डबीत ती ठेवता येते. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनानं लिहिलेली आहे का ते बघा. तारीख नसेल तर ती बाटली कधीपासून चालू आहे हे तिथे कुणालाच माहीत नाही.

त्याच कपाटाचा संबंध जेवणाशी आहे. एकादशीला आजी उपास धरतात, इन्शुलिन किंवा मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र रोजच्याप्रमाणे दिली जाते, आणि दुपारी साखर 70 च्या खाली. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही. उपासाचे दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर औषधाच्या बदलासह डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावेत. तसंच देणगीदारांच्या जेवणाचं. वाढदिवसाचं जेवण दीड वाजता येणार म्हणून साडेबाराचं जेवण थांबवलं, गोळी मात्र वेळेवर दिली, असं वारंवार घडतं. देणगी आनंदानं घ्यावी, ताटाची वेळ मात्र आश्रमानं ठरवावी. रावेर-यावलची केळी आपल्याकडे भरभरून दान येतात, पण मूत्रपिंड अधू असलेल्याला त्यातलं पोटॅशियम सोसत नाही. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी कवळी लावणाऱ्याला वरणात कुस्करून द्यावी, आणि भरवताना माणूस सरळ बसलेला हवा, जेवणानंतर अर्धा तास तसाच. आडवं ठेवून भरवलं की घास श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो.

रात्रीचं गणित कागदावर मांडून बघा. आठ माणसं अंथरुणाला खिळलेली आहेत. प्रत्येकाची दर दोन तासांनी कूस बदलायची, डायपर बघायचा, दोघांनी मिळून दहा मिनिटं. म्हणजे 80 मिनिटं, दर 120 मिनिटांतली, दोन माणसांची. रात्री एकच मावशी असेल तर हे काम होतच नाही, ती कितीही प्रेमळ असली तरी. मग कूस बदलल्याची वही बघा. 10, 12, 2, 4 अशा वेळा, सगळ्या एकाच पेनानं, एकाच दमात, एका सरळ रेषेत लिहिलेल्या असतील तर ती वही खोटी. खऱ्या वहीत 12.20 असतं, 2.35 असतं, मध्येच 'उलटी झाली, चादर बदलली' असतं. कमरेवर किंवा टाचेवर लाल डाग दिसला तर बोटानं दाबून सोडा. डाग पांढरा न होता लालच राहिला तर जखम सुरू झालेली आहे. त्याला चोळू नये, पावडर मारू नये, गोल रिंगवर बसवू नये, रिंगेच्या कडेनं रक्त अडतं. पोटरीखाली उशी देऊन टाच हवेत ठेवावी.

हात खाटेला बांधलेले दिसले तर दुसरं काही बघायची गरज नाही.

आगीसाठी महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं 'नमुना ब' प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं, ते मागून बघा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 19 मध्ये जिल्ह्याला किमान एक, निदान 150 निराधारांसाठीचा वृद्धाश्रम सांगितलाय, पण तिथला शब्द 'उभारू शकेल' असा आहे, बंधन घालणारा नाही. त्यामुळे सरकारवर विसंबता येत नाही, देखरेख घरच्यांनाच करावी लागते. तक्रार असेल तर 14567 ही एल्डरलाइन आहे आणि जिल्ह्याला समाज कल्याण सहायक आयुक्तांचं कार्यालय आहे.

शेवटी भाषा विचारा. स्मृतिभ्रंश झालेली माणसं अनेकदा नंतर शिकलेली भाषा आधी विसरतात, लहानपणची उरते. जी आयुष्यभर पोरांशी मराठी बोलली ती आजी आता फक्त अहिराणी बोलते, कुणी लेवा बोली, नंदुरबारकडे कुणी भिली किंवा पावरी. 'पाय दुखी ऱ्हायना' (पाय दुखतोय) हे रात्रपाळीच्या मावशीला कळलं नाही तर दुखणं सकाळपर्यंत नोंदवलंच जात नाही. प्रत्येक पाळीत ती बोली समजणारं एक तरी माणूस असावं, आणि ते कोण, त्याचं नाव खाटेशेजारच्या कागदावर लिहिलेलं असावं.