विकायचे अंडे, बसवायचे अंडे

बोरिवली स्थानकाबाहेर विक्रमगडकडच्या एका पाड्यावरून येणारी एक मावशी बसते. रानभाज्यांच्या जुड्यांशेजारी तिच्या टोपलीत भाताच्या तुसात खोचलेली गावठी अंडी असतात. दुकानात ७ रुपयांना मिळणारे अंडे ती १५ रुपयांना देते, आणि मॉलमध्ये छापील किमतीपुढे अवाक्षर न काढणारे आम्ही तिच्याशी २ रुपयांसाठी हुज्जत घालतो. गेल्या हिवाळ्यात तिच्या पाड्यावर जाण्याचा योग आला आणि त्या १५ रुपयांचा हिशेब मला प्रथमच कळला.

गावठी कोंबडी एका पाळीत साधारण १२ ते १५ अंडी देऊन खुडूक होते, म्हणजे अंडी देणे थांबवून उबवायला बसू पाहते. तिला अंड्यांवर बसवले, तर २१ दिवस ती उबवते आणि पुढे दोन-तीन महिने पिल्ले घेऊन फिरते. त्या काळात ती अंडे देत नाही. अशा तीन-चार पाळ्यांत वर्षाला ५०-६० अंडी मिळाली, तरी पुष्कळ झाली. पिंजऱ्यातील संकरित कोंबडी ३०० च्या घरात अंडी देते. त्यामुळे मावशीला प्रत्येक अंड्याबाबत ते विकायचे की बसवायचे, हे ठरवावे लागते. उन्हाळ्यात कोंबडीखाली अंडी लवकर नासतात, म्हणून ती मुंबईला येतात. थंडीतील अंडी कोंबडीखाली जातात. कोंबडे मात्र ती आषाढापर्यंत राखते, कारण गटारीला मिळणारा भाव श्रावण लागताच उतरतो. धाकट्याला ताप भरला, तेव्हा तिने ऐन श्रावणात दोन कोंबडे पडेल त्या भावाने विकले होते.

तिच्याकडे त्या दिवशी नऊ कोंबड्या होत्या, पण त्यांतील चारच तिच्या स्वतःच्या. दिवाळीनंतर पाड्यावरील निम्मी घरे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात आणि जाणाऱ्या बायका आपल्या कोंबड्या मागे राहणारीकडे वाट्याने सोडून जातात, पिल्ले निम्मी-निम्मी. खाद्यावर रोख खर्च जवळजवळ नाही. कणी, उष्टे, अंगणातील किडे आणि लहान पिल्लांसाठी रानातून खणून आणलेली वाळवी एवढ्यावर भागते.

हा धंदा टिकतो तो याच बिनखर्चीपणामुळे, असे माझे मत झाले आहे, आणि त्याला ‘वाढवू’ पाहणाऱ्यांच्या ते सहसा लक्षात येत नाही. वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया या सुधारित जाती गावठीपेक्षा कितीतरी अधिक अंडी देतात, हे खरेच; पण त्या क्वचितच खुडूक होतात, म्हणून पुढची पिल्ले पुन्हा विकत आणावी लागतात आणि अंड्यांची ती संख्या गाठायची, तर वरचे खाद्यही लागते. मावशीला एका योजनेतून अशी वीस पिल्ले मिळाली होती. खाद्याची पिशवी संपली, तेव्हा तिने ती एकेक करून विकून टाकली. (कुक्कुट विकासाची केंद्र सरकारी संस्था तिच्या टोपलीपासून फार दूर नाही, गोरेगावच्या आरे वसाहतीत आहे.)

तिचे खरे नुकसान होते ते पिल्लांत. दहा अंड्यांतून सात-आठ पिल्ले निघतात, पण घार, मुंगूस, बोका आणि मानमोडी, म्हणजे रानीखेत रोग, यांच्यातून तीन जगली तरी ती समाधान मानते. मानमोडीवर लस आहे. लासोटा नावाच्या या लसीचा एक थेंब पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात टाकायचा असतो. पण एका कुपीत निदान १०० मात्रा असतात, कुपी थंडच ठेवावी लागते आणि कालवल्यावर दोन-एक तासांत संपवावी लागते. आठ पिल्लांसाठी तालुक्याला जाऊन कुपी कोण आणणार? पाड्यावरील बायकांनी सगळ्या खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात बसवल्या, तरच एक कुपी सार्थकी लागते. शेजारच्या गावातील पशुसखीने, म्हणजे गावातल्या जनावरांची प्राथमिक देखभाल शिकलेल्या बाईने, तसे सुचवल्यावर यंदा अकरा घरांनी ते मान्य केले.

अंडी वर्तमानपत्रात गुंडाळताना मावशीने मला हे सांगितले आणि विचारले, ‘ताई, तुमच्याकडं रुंद तोंडाचा जुना थर्मास हाय का? बरफ ठेवायला पायजे.’ आमच्या माळ्यावर एक होता. झाकणाचे रबर सैल झाले आहे, पण तालुक्यापासून पाड्यापर्यंत बर्फ टिकायला हरकत नसावी.